भिंतीवरची चौकट आणि मशिनवरचा माणूस

'व्हिजन' या शब्दावरून छोट्या व्यावसायिकांमध्ये जो वाद रंगतो, तो ऐकून माझे कान किटले आहेत. एका बाजूला कार्यशाळा घेणारे. दहा वर्षांनी आपण कुठे असू हे डोळे मिटून पाहावं, एका वाक्यात लिहावं, चौकटीत घालून भिंतीवर टांगावं, की निम्मं काम झालं असं ते सांगतात. दुसऱ्या बाजूला 'आम्ही जमिनीवरची माणसं' म्हणवणारे मालक. शनिवारी पगार कुठून करायचा याची भ्रांत असताना कसलं व्हिजन नि कसलं काय, ती थेरं मोठ्या कंपन्यांनी करावीत, असं त्यांचं म्हणणं. पहिले दुसऱ्यांना कूपमंडूक ठरवतात, दुसरे पहिल्यांना बोलघेवडे. टाळ्या दोघांनाही पडतात. गंमत अशी, की भांडताना दोघांच्याही डोक्यात व्हिजनचा अर्थ एकच असतो: भविष्याचं भलंमोठं, देखणं चित्र. त्या चित्राची एकाला भुरळ आहे आणि दुसऱ्याला चीड, एवढाच फरक.

छोट्या व्यवसायात व्हिजन ही रोजच्या वापरातली गोष्ट आहे, असं मला वाटतं. आपण कोणासाठी काम करतो, कशाला नाही म्हणतो आणि दोन चांगल्या गोष्टी एकमेकींच्या आड आल्या की त्यांतली कोणती सोडतो, या तीन प्रश्नांची उत्तरं म्हणजे व्हिजन. ती मालकाला ठाऊक असतील तर व्हिजन स्पष्ट आहे. मालक जागेवर नसताना तिथल्या दुसऱ्या माणसाने तीच उत्तरं दिली, तर ते सामायिक आहे. या दुसऱ्या गोष्टीवाचून पहिलीची किंमत निम्म्याहून कमी. आणि अशा व्हिजनची गरज मोठ्या कंपनीपेक्षा छोट्या व्यवसायाला जास्त आहे, कमी नाही.

छोट्या व्यवसायांच्या हिशेबाच्या वह्या पाहण्यात माझी बरीच वर्षं गेली. त्यातल्या एका छापखान्यातली एक संध्याकाळ माझ्या डोक्यातून जात नाही. चार रंगांचं माहितीपत्रक मशिनवर चढलेलं. हजारेक ताव छापून झाल्यावर मशिनमनने त्यातला एक उचलला, दिव्याखाली धरला, भिंगातून पाहिला. निळा रंग केसभर सरकला होता. अक्षरांच्या कडेला अगदी बारीक सावली पडत होती. त्याने मशीन थांबवलं. छापखाना दोन भागीदारांचा. थोरला तिथे असता तर म्हणाला असता, छापलेलं रद्दीत टाका, प्लेट पुन्हा जुळवा. धाकटा असता तर म्हणाला असता, हातभर अंतरावरून दिसतंय का कुणाला? मग चालू द्या, गिऱ्हाईक सकाळी दारात उभं राहणार आहे. दोघेही बाहेर. एकाचा फोन बंद, दुसरा उचलेना. मशिनमन स्टुलावर बसला, बोटांना लागलेली शाई चिंधीने पुसत राहिला. मला म्हणाला, "साहेब, चूक काय झालीय ते मला कळतं. दोघांपैकी कुणाच्या मनासारखी दुरुस्त करायची, तेवढं कळत नाही." पाऊण तास मशीन उभं होतं. त्याच्या मागे भिंतीवर चौकट होती: 'गुणवत्ता हाच आमचा ध्यास.'

हे दोन्ही भागीदार सरळमार्गी होते. दोघांच्या म्हणण्यात तथ्य होतं. केसभर सरकलेल्या रंगासाठी हजार ताव फेकणं हा एक व्यवसाय झाला आणि वेळेवर, बऱ्यापैकी, वाजवी दरात काम देणं हा दुसरा. दोन्ही चालतात. मात्र एकाच छपराखाली, एकाच मशिनवर, फोन कोणाचा लागतो यावर अवलंबून दोन्ही चालू शकत नाहीत. आणि मी ज्या वह्या पाहत होतो, त्यांत त्या पाऊण तासासाठी खातंच नव्हतं. कागदाची रद्दी दिसते, शाईचा खर्च दिसतो, जादा वेळेची मजुरी दिसते. निर्णय कोणी घ्यायचा हे ठाऊक नसल्यामुळे गेलेला वेळ कुठेच दिसत नाही. म्हणून तो फुकटचा वाटतो.

मोठ्या कंपनीत अशा वेळी काय होतं? तिथे व्हिजन नसलं तरी नियमावली असते. अमुक इतका दोष आढळल्यास माल बाद करावा, अमुक रकमेपर्यंतची सूट विभागप्रमुखाने द्यावी, तक्रार आल्यास अमुक दिवसांत उत्तर द्यावं. नियमावली नसली तर तपासणी विभाग असतो, तो नसला तर एखादी समिती तरी असते. कंपनीच्या माथ्यावर ध्येयधोरणाचा पूर्ण गोंधळ असतानाही खालची यंत्रणा वर्षानुवर्षं सवयीने चालत राहते. छोट्या व्यवसायात ही गादी खाली पसरलेली नसते. पाच-सात माणसं, त्यांची डोकी आणि त्या डोक्यांत जे काही असेल ते, एवढीच यंत्रणा. त्यातल्या दोन डोक्यांत दोन वेगळी उत्तरं असली, की झालेलं नुकसान थोपवायला मध्ये कोणी नाही. म्हणूनच 'व्हिजन हे मोठ्यांचं काम' हे वाक्य मला उलटं वाटतं. मोठ्यांना त्याच्यावाचून बराच काळ ढकलता येतं.

आता विरोधातल्या मुद्द्यांकडे वळतो. ते हलके नाहीत.

पहिला मुद्दा पैशाचा. व्यवसाय स्वप्नांअभावी बंद पडत नाहीत, हातातली रोकड संपली की बंद पडतात. हे खरं आहे आणि हिशेबनीस या नात्याने ते मी कधीच नाकारणार नाही. नफ्यातले व्यवसाय खेळत्या भांडवलाअभावी माना टाकताना मी पाहिले आहेत. पण रोकड संपते कशाने? मंदी येते, मोठं गिऱ्हाईक बुडतं, हे होतंच. त्याहून अधिक वेळा, नाही म्हणायला हवं होतं तिथे हो म्हटलेलं असतं. न पेलणारी उधारी दिलेली असते, आवाक्याबाहेरचं काम घेतलेलं असतं, दोन वेगळ्या गिऱ्हाइकांसाठी दोन वेगळी यंत्रं घेतलेली असतात आणि दोन्ही अर्धा दिवस रिकामी उभी असतात. रोकड हे दुखणं खरं. त्याचं मूळ बऱ्याचदा दोन पावलं मागे, न ठरलेल्या उत्तरांत असतं.

इंग्लंडमधल्या रॉचडेलचं उदाहरण इथे फार बोलकं आहे, आणि ते सहसा अर्धवट सांगितलं जातं. १८४४ साली तिथल्या २८ जणांनी, त्यांत बरेच विणकर, मिळून एक दुकान काढलं. प्रत्येकाने आठवड्याला दोन-दोन, तीन-तीन पेन्स बाजूला टाकत सुमारे २८ पौंड भांडवल उभं केलं. २१ डिसेंबरला टोड लेनवर दुकान उघडलं तेव्हा त्यात पीठ, लोणी, साखर असा मोजकाच माल होता. आधुनिक सहकारी चळवळीची सुरुवात म्हणून आपण हे वाचलेलं असतं. पण याच गावात, याच रस्त्यावर, १८३० च्या दशकात आणखी एक सहकारी दुकान निघालं होतं आणि दोनेक वर्षांत उधारीखाली दबून बंद पडलं होतं, हे कितीजण सांगतात? नव्या मंडळींनी त्यातून जे उचललं ते एका ओळीत मावणारं होतं: उधार मिळणार नाही. त्याच्या जोडीला बिनभेसळ माल, पुरं वजन, खरेदीच्या प्रमाणात नफ्याची वाटणी आणि भांडवल कितीही असो, एका सभासदाला एक मत.

हे रोख विक्रीचं तत्त्व कोणासाठी होतं? आठवड्याच्या शेवटी खिसा रिकामा असणाऱ्या विणकरांसाठी. म्हणजे ज्यांच्यासाठी दुकान काढलं, त्यांच्यातल्या सर्वांत गरिबांना ते पहिल्या दिवशी परवडणारं नव्हतं. ही त्या व्हिजनची किंमत होती. ती माहीत असून त्यांनी मोजली आणि काउंटरवर कोणीही उभं असलं तरी उत्तर एकच राहिलं. आणखी एक गोष्ट मला फार आवडते. त्यांच्या मूळ उद्दिष्टांत दुकान ही फक्त पहिली पायरी होती. पुढे घरं बांधायची, कारखाने काढायचे, जमीन कसायची आणि शेवटी स्वावलंबी लोकांची एक अख्खी वसाहत वसवायची, असं सगळं कागदावर लिहिलेलं होतं. मद्यविरहित उपाहारगृहसुद्धा त्यात होतं! ती वसाहत काही झाली नाही. कार्यशाळावाल्यांच्या मापाने पाहिलं तर ते देखणं चित्र फसलं. जगभर गेली ती त्यांची व्यवहाराची पद्धत. शनिवारच्या पगाराची भ्रांत आणि व्हिजन यांत निवड करावी लागते, हा समज त्या मंडळींना कधी शिवलाच नाही. त्यांच्याइतकी भ्रांत आपल्यातल्या कितीजणांना आहे?

दुसरा मुद्दा अधिक टोकदार आहे. ठाम व्हिजन माणसाला आंधळं करतं आणि छोट्याचं बळ तर चपळाईत असतं. विल्यम रिग्लीने १८९१ साली शिकागोत साबण विकायला सुरुवात केली. साबणासोबत भेट म्हणून तो बेकिंग पावडर देऊ लागला. लोकांना पावडरच अधिक आवडली, तेव्हा तो पावडर विकू लागला आणि सोबत भेट म्हणून च्युइंगम देऊ लागला. पुन्हा भेटच जिंकली आणि पुढे त्याचं नाव झालं ते च्युइंगममुळे. 'उत्तम साबण बनवणं हेच आमचं ध्येय' अशी चौकट त्याने भिंतीवर लावली असती तर? उद्योजकतेच्या अभ्यासक सरस सरस्वती यांनी २००१ साली मांडलेला सिद्धान्तही याच अंगाने जातो. अनुभवी उद्योजक आधी ध्येय ठरवून मग साधनं शोधायला निघत नाहीत. मी कोण आहे, मला काय येतं, मी कोणाला ओळखतो, इथून ते सुरुवात करतात, किती नुकसान सोसवेल तेवढंच पाहतात आणि वाटेत सोबत येणाऱ्या माणसांबरोबर ध्येय घडत जातं. हा सिद्धान्त मला पटतो. छोट्या व्यवसायांची वाटचाल मी पाहिली आहे ती बहुतेक अशीच.

पण मग तो माझ्या विरोधात कसा जातो, हे मला कळत नाही. रिग्लीने वस्तू दोनदा बदलली. न बदललेलं काय होतं? माल घेणाऱ्याला ठरल्यापेक्षा काहीतरी जास्त मिळालं पाहिजे, हे साबणात होतं, पावडरीत होतं आणि च्युइंगममध्येही राहिलं. ते पक्कं होतं म्हणून वस्तू सोडून देताना त्याचा हात थरथरला नसावा. कशाला धरून राहायचं ते ठरलेलं नसलं, तर माणूस सगळ्यालाच धरून बसतो, साबणालासुद्धा. आणि सरस्वतींच्या मांडणीत पहिलाच प्रश्न 'मी कोण आहे' हा आहे. एकटा असेतोवर त्याचं उत्तर मनात असलं तरी भागतं. दुसरा माणूस आत आला, मग तो भागीदार असो, बायको असो, मुलगा असो की पगारी कामगार, की प्रश्न 'आपण कोण आहोत' असा होतो आणि त्याचं उत्तर मनात ठेवून चालत नाही. चपळाईचं म्हणाल, तर पाच जणांना एकाच वेळी वळायचं असेल तेव्हा कुठे वळायचं याबद्दल त्यांचं एकमत लागतंच. नाहीतर तिला चपळाई म्हणत नाहीत, पांगापांग म्हणतात.

इथे स्पष्ट आणि सामायिक यांतला फरक जरा ताणून पाहायला हवा, कारण व्हिजनच्या बाजूने बोलणारेही तो गिळून टाकतात. मॅकडोनाल्ड बंधूंपेक्षा स्पष्ट दृष्टी कोणाची असेल? चांगलं चाललेलं उपाहारगृह त्यांनी १९४८ साली काही महिने बंद ठेवलं, गाडीपाशी जाऊन वाढणाऱ्या पोरी काढून टाकल्या, पदार्थांची यादी छाटून नवावर आणली आणि पुढे टेनिसच्या मैदानावर खडूने स्वयंपाकघर आखून कोण कुठे उभा राहील, कोणाच्या हाताला काय लागेल याची तालीम केली. नाही म्हणण्याचं याहून ठसठशीत उदाहरण सापडायचं नाही. १९५४ साली त्यांच्याकडे मिल्कशेकची यंत्रं विकणारा रे क्रॉक आला आणि त्यांच्या नावाची उपाहारगृहं इतरत्र उघडण्याचा करार झाला. त्याची दृष्टीही तेवढीच स्पष्ट: देशभर, जमेल तेवढ्या ठिकाणी. पदार्थ आणि पद्धत यांवर दोघांचं एकमत होतं. किती मोठं व्हायचं आणि कशासाठी, यावर ते कधीच नव्हतं. करारात बदलांसाठी लेखी परवानगीची अट होती, आणि व्हिजनचं काम अशा अटींवर सोपवलं की जे होतं तेच झालं. वर्षानुवर्षं कुरबुर आणि १९६१ साली २७ लाख डॉलर घेऊन भाऊ बाहेर. दोन स्पष्ट दृष्टी एका छताखाली आल्या की भांडणही तेवढंच स्पष्ट होतं.

जर्मनीतल्या डासलर बंधूंची गोष्ट आणखी कडवट. आईच्या धुणीघरातून सुरू झालेला बुटांचा कारखाना, एक भाऊ बूट घडवण्यात रमणारा, दुसरा विकण्यात. १९४८ साली दोघं वेगळे झाले, आदिदास आणि प्यूमा अशा दोन कंपन्या झाल्या आणि छोटं गाव असं दुभंगलं की समोरच्याच्या पायात कुठले बूट आहेत ते खाली मान घालून पाहिल्याशिवाय लोक बोलत नसत म्हणतात. अर्थात, दोघंही भरभराटीला आले हे मला मान्य केलं पाहिजे. वेगळं होणं म्हणजे दर वेळी बुडणं नव्हे. कधीकधी दोन उत्तरांसाठी दोन कारखाने हाच प्रामाणिक तोडगा असतो. फक्त तो वेळेवर, डोकी ताळ्यावर असताना काढता आला तर बरं.

तिसरा आक्षेप नैतिक आहे आणि मला तो सर्वांत जड वाटतो. भांडवल मालकाचं, नफा मालकाचा आणि 'आपलं स्वप्न' मात्र सगळ्यांचं? 'आपण एक कुटुंब आहोत' हे वाक्य ज्या कामाच्या जागी वारंवार ऐकू येतं, तिथे जादा वेळेची मजुरी मिळत नाही, असा अनुभव अनेकांना आहे. मलाही आहे. तरुणपणी मी एका ठिकाणी नोकरीला होतो. दर सोमवारी सकाळी सगळ्यांनी उभं राहून संस्थेचं ध्येय मोठ्याने म्हणायचं, असा तिथला रिवाज. वर्षअखेरीस काम दुप्पट झालं, पगार होता तिथेच. ते वाक्य मला अजून पाठ आहे, आणि आठवलं की अजून राग येतो. सामायिक व्हिजनची चेष्टा करणाऱ्या कामगाराकडे म्हणूनच मी सहानुभूतीने पाहतो. त्याने भाषण ऐकलेलं असतं आणि पगारपत्रकही पाहिलेलं असतं.

पुन्हा रॉचडेलकडे जाऊ, कारण पुढची गोष्ट तिथलीच आहे आणि ती गौरवाची नाही. १८५४ साली तिथल्या सहकारी मंडळींनी कापडाची गिरणी काढली. तिच्या नफ्यात कामगारांना वाटा होता. तोच तर मूळ विचार. गिरणी चालली, भांडवल हवं झालं, नवे भागधारक आले. हे नवे लोक लाभांश पाहून आलेले. विणकरांचे जुने दिवस त्यांनी पाहिले नव्हते, आणि पैसे घेऊन आलेल्या माणसाला कोणी ते समजावत बसलंही नसेल. १८६२ साली मतदान होऊन कामगारांचा वाटा बंद झाला. लबाडी झाली नाही, नियमही कोणी मोडला नाही. हात वर झाले, मोजले गेले, संपलं. सभासद वाढवताना विचार वाढवायचा राहिला, तर त्या विचाराचा शेवट असाच होतो, अगदी शिस्तीत.

आपल्याकडे या विषयावर बोलणारा प्रत्येकजण शेवटी शिवकालाकडे वळतो. मीही वळतो, फक्त जरा पुढच्या वर्षांकडे. १६८९ सालच्या मार्चमध्ये संभाजी महाराजांची हत्या झाली. त्याच वर्षी रायगड पडला, येसूबाई आणि शाहू मोगलांच्या हाती गेले, राजाराम महाराज दूर दक्षिणेत जिंजीला. राजा नाही, राजधानी नाही, खजिना नाही. रूढ हिशेबाने राज्य तिथेच संपायला हवं होतं. तरी संताजी, धनाजी, रामचंद्रपंत अशी माणसं आपापल्या जागी, वरून हुकूम येण्याची वाट न पाहता लढत राहिली आणि १७०० साली राजाराम महाराज गेल्यावरही ताराबाईंनी ते पुढे नेलं. १७०७ साली औरंगजेब दक्षिणेतच मेला. मालक जागेवर नसताना घेतलेले निर्णय, ही माझी कसोटी अठरा वर्षं लागत होती. पण हे सांगून थांबणारे व्याख्याते उरलेलं अर्धं गाळतात. त्याच काळात सरदारांना टिकवण्यासाठी शिवाजी महाराजांच्या धोरणाला मुरड घालून वतनं द्यावी लागली. मोगलही वतनांची लालूच दाखवत होतेच. आणि आपसातल्या दुहीतून १६९७ साली संताजी मारले गेले. म्हणजे स्वराज्याची कल्पना लोकांत मुरलेली होती, म्हणून ते उभं राहिलं. पण नुसत्या कल्पनेवर माणसं अठरा वर्षं लढत नाहीत, त्यांचा त्यात हिस्सा असावा लागतो, आणि हिश्शाची पद्धत घाईत ठरली तर ती पुढे छळते. पुढच्या मराठेशाहीत सरदार किती स्वतंत्र झाले, हे आपण जाणतोच.

छापखान्याची तुलना स्वराज्याशी करणं जरा जास्तच झालं, हे कबूल. मुद्दा एवढाच, की 'सामायिक' या शब्दात वाटा हा अर्थ आधीपासून आहे. तो काढून घेतला तर उरतं ते सोमवार सकाळचं घोषवाक्य. वाटा दर वेळी नफ्याचाच असतो असं नाही. महिन्याचा हिशेब उघड सांगणं हाही वाटा आहे. 'एवढ्या रकमेपर्यंतचं नुकसान तू स्वतःच्या अधिकारात करू शकतोस, मी विचारणार नाही' हा तर फार मोठा वाटा आहे. स्पेनमधल्या माँद्रागोनमध्ये १९५६ साली पाच तरुणांनी, गावातल्या एका पाद्र्याच्या प्रेरणेने, सहकारी कारखाना सुरू केला. तिथे वरच्या आणि खालच्या पगारातलं अंतर सुरुवातीला तीनास एक एवढंच ठेवलं होतं. पुढे ते प्रमाण वाढलं, पण प्रमाण ठरलेलं आणि सगळ्यांना ठाऊक असलेलं, ही गोष्ट राहिली. तिथल्या कामगाराला घोषवाक्य म्हणायला लावायची गरज नव्हती. ते पगारपत्रकातच छापलेलं होतं.

आणि तरीही, माँद्रागोनमध्ये पुढे उभ्या राहिलेल्या सहकारी संस्थांच्या समूहातली, ज्या कारखान्यापासून सगळं सुरू झालं ती घरगुती उपकरणांची कंपनी, फागोर, २०१३ साली दिवाळखोरीत गेली. विचार पक्का होता, वाटाही होता. बाजार बसला, कर्जं अंगावर आली, विस्ताराचे निर्णय चुकले. व्हिजन हा विमा नव्हे. ते असलं की व्यवसाय तरतो असं ज्यांना म्हणायचं असेल त्यांनी म्हणावं, मी म्हणणार नाही. बुडतानाची तऱ्हा मात्र वेगळी असते. तिथल्या अनेक सभासद-कामगारांना समूहातल्या इतर संस्थांनी सामावून घेतलं. आधीपासून ठरलेलं नसतं तर ऐन बुडत्या वेळी ते कोणी ठरवलं असतं?

त्या संध्याकाळनंतर काही दिवसांनी मी छापखान्यात एक खोडसाळपणा केला. वापरून झालेल्या तीन जॉब कार्डांच्या, म्हणजे प्रत्येक कामाचा तपशील लिहिलेल्या कार्डांच्या, कोऱ्या पाठी घेतल्या आणि दोन भागीदार आणि मशिनमन, तिघांना वेगवेगळं गाठून एकच प्रश्न लिहायला दिला: पैसे पूर्ण देत असलं तरी कुठलं गिऱ्हाईक परत पाठवाल? थोरल्याने लिहिलं, 'प्रूफ न पाहता घाई करणारं.' धाकट्याने लिहिलं, 'प्रत्येक गोष्टीत खोट काढणारं.' म्हणजे एकाला जे गिऱ्हाईक नको, ते दुसऱ्याचं आवडतं. चौदा वर्षं ते एका टेबलाच्या दोन बाजूंना बसत होते. मशिनमनने कार्ड कोरं परत दिलं. "मी कोण परत पाठवणारा?" म्हणाला.

तिन्ही कार्डं मी टेबलावर शेजारी शेजारी ठेवली. त्या रात्री दोघं भागीदार बरंच तणतणले, जुनी उणीदुणी निघाली, चहा दोनदा गार झाला. शेवटी एका मुद्द्यावर जुळलं आणि आठवडाभराने नव्या जॉब कार्डांवर तळाशी एक ओळ छापून आली: रंग सरकलेला नुसत्या डोळ्यांना, हातभर अंतरावरून दिसला तर मशीन थांबवायचं, नव्याने जुळवायचं, फोन करायचा नाही, भिंगातूनच दिसत असेल तर चालू ठेवायचं, फोन करायचा नाही. पहिल्याच महिन्यात या ओळीपायी एक जुनं, चोखंदळ गिऱ्हाईक गेलं. थोरल्याच्या ते जिवाला लागलं, पण ओळ त्याने खोडली नाही. उधारीबद्दलची दुसरी ओळ अजून ठरायची आहे. मागच्या वेळी गेलो तेव्हा दोघं त्यावरच वाद घालत होते आणि मशिनमन, मशीन चालू ठेवून, मधूनमधून आपलं मत देत होता.